किसातली लाख

शालिकराम सोनाराचं नाव बालाघाटच्या गुजरी बाजारानं बदललं, आणि बदलताना त्याला विचारलं नाही. शालिकरामचा लाखराम झाला. समोरचा पानठेलेवाला भैयालाल तर सकाळी याचं कुलूप उघडायच्या आधीच हाक मारायचा, "क्यों लाखरामजी, आज किसमें भर रहे हो?" शालिकराम शेगडीत कोळसे घालायचा.

झालं होतं ते असं. तांदळाच्या गिरणीवाल्या रुख्माबाईंनी त्याच्याकडून गळ्यातली एकदाणी करून घेतली होती. टपोऱ्या सोन्याच्या मण्यांची, बघणाऱ्याला पाच तोळ्यांची वाटावी अशी. सोनं होतं अडीच तोळे. मणी आतून पोकळ, आणि ते चेपू नयेत म्हणून पोकळीत लाख भरलेली. यात फसवणूक काही नव्हती. रुख्माबाईंनीच तसं करायला सांगितलं होतं. उरलेलं सोनं त्यांनी सासरी त्रासात असलेल्या लेकीला गुपचूप देऊन टाकलं होतं आणि सुनांना ते कळू द्यायचं नव्हतं. "शालिकभाऊ, तुले माही शपथ. कोनाजवळ बोलू नको," त्या म्हणाल्या होत्या. शालिकराम बोलला नाही. पुढे घराच्या वाटण्या झाल्या. एकदाणी धाकट्या सुनेच्या वाट्याला आली, तिनं ती मोडायला गोंदियाला नेली आणि मण्यांतून तांबडी-काळी लाख निघाली. रुख्माबाईंनी चारचौघांत कपाळावर हात मारून घेतला. "मेल्यानं सोनं खाल्लं न् लाख भरली!"

शालिकराम तेव्हाही बोलला नाही. एक तर शपथ. दुसरं म्हणजे त्याचा आवाजच असा, की दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगितला तरी गिऱ्हाईक "काय म्हणलं?" असं विचारी. अशा आवाजात माणूस किती वाद घालणार? त्यानं एवढंच केलं, की लाखेचा डबा घरी नेऊन माळ्यावर टाकला आणि त्या दिवसापासून लाखेला हात लावला नाही. करायचं ते भरीव करायचं. भरीव करून घेणारे मात्र दुसऱ्या दुकानात गेले. त्याच्याकडे उरली चांदीची जोडवी, तुटलेल्या साखळ्या आणि पोरांच्या कमरेचे करगोटे.

चार वर्षं अशी गेली. चौऱ्याहत्तर सालचा मे महिना होता. राजेगावच्या तुळसाबाई जोडवं डाग देऊन सांधून घ्यायला आल्या. लेकीचं लग्न नुकतंच उरकलं होतं, त्या धावपळीत जोडवं तुटलं होतं. बरोबर त्यांचा मोठा मुलगा घनश्याम होता. तिशीचा, चष्मेवाला. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं, आणि ते तो बसल्यावरही खाली ठेवत नव्हता.

"ठेव ना बाबू खाली. कोनी नेत नाई," शालिकराम म्हणाला.

"काय म्हणलं काकाजी?"

"खाली ठेव म्हनलं."

"काल ठेवलं होतं," घनश्याम म्हणाला. "मोठ्या मामीनं त्याच्यावर पापड वाळू घातले."

टॉवेल उघडला तेव्हा आतून ॲल्युमिनियमचे सहा पत्रे निघाले. वीतभर रुंद, थोडे जास्त लांब, काठाला स्क्रूची भोकं. सहाही जोडले की पेटी तयार व्हावी असे.

"सरकारी हाये," तुळसाबाई अभिमानानं म्हणाल्या. "चंद्रावर चालली."

"चंद्रावर नाही वो माय. त्याच्याही पुढं." घनश्यामनं हे लग्नात शंभर वेळा सांगितलं असावं, पण सांगायचा कंटाळा त्याला नव्हता. तो अमदाबादेला एका प्रयोगशाळेत होता. परदेशातले लोक एक यान सोडणार होते. सूर्यापासून लांब लांब जाणारं, परत न येणारं. त्यात दहा ठिकाणची यंत्रं बसायची होती, त्यातलं एक यांचं. अवकाशातून जे बारीक कण सुसाट येतात ते मोजणारं. यंत्र घनश्यामच्याच हातचं, आणि ही त्याची पेटी. पाच वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. लग्नही नाही, असं तुळसाबाईंनी मध्येच सांगून टाकलं.

"मंग आता काय अडलं?"

घनश्यामनं खिशातून तार काढली. "वजन. एकशेवीस ग्रॅम जास्त झालं. जून संपायच्या आत कमी करा म्हणतात, नाहीतर आमची जागा दुसऱ्याले देऊन राह्यले."

"सव्वादहा तोळे," शालिकरामच्या तोंडून आपोआप निघालं.

"एवढ्याश्यासाठी?" तुळसाबाई म्हणाल्या. "एवढे त माह्या हातून तांदूळ निवडताना सांडतात."

"त्या लोकांजवळ सांडायले जागा नाही माय. एकेक ग्रॅम वर न्यायचा म्हणजे..." घनश्यामनं हात वर केला आणि तसाच सोडून दिला. "पत्रा पातळ करायले घेतला, की मशीनवर थरथरते. थरथरला की फाटते. चार पत्रे असे गेले. आमचा मिस्त्री म्हणते, याच्याहून पातळ होतच नाही."

शालिकरामनं एक पत्रा उचलला. अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं, कानाजवळ नेऊन टिचकी मारली. उत्तर त्याला टिचकी मारायच्या आधीच ठाऊक होतं. बापानं त्याला पहिल्या वर्षी शिकवलेलीच गोष्ट ती. पातळ पत्र्यावर काम करायचं तर त्याला खालून सगळीकडे सारखा आधार पाहिजे. फळीवर लाख वितळवून थर द्यायचा, पत्रा तिच्यावर बसवायचा, थंड होऊ द्यायचा. मग तो थरथरत नाही, हलत नाही. काम झालं की ऊब देऊन सोडवून घ्यायचा. सोन्याचा असो की कशाचा, पत्र्याला काय कळतं?

त्यानं तोंड उघडलं. समोर भैयालाल पानाला चुना लावत होता, आणि त्याचे दोन्ही कान इकडे होते.

"मले नाई समजत बाप्पा," शालिकराम म्हणाला. "आपलं काम सोन्याचं."

घनश्यामनं पत्रे टॉवेलात परत गुंडाळले. एकावर एक, कडा जुळवून. तेवढ्यावरूनही शालिकरामला समजलं, की हा पोरगा कामाचा आहे.

दुपारी जेवताना त्यानं ही गोष्ट बायकोला, दुर्गाबाईला सांगितली. सांगायला नको होती.

"तुमाले समजत नाई?" दुर्गाबाईनं भाकरी तव्यावरच सोडली. "तुमाले? माह्या बापानं मंग पोरगी कायले देल्ली? 'जावई असा पत्रा काढते का फुंकलं त उडते,' असं सांगत गावभर फिरे तो!"

"त्याले लाख लागते."

"मंग?"

"मंग काय वो! गुजरीत बसून लाखेचा डबा उघडू? त्या भैयालालच्या समोर?"

"घरी करा. दार लावून."

शालिकरामनं घास खाली ठेवला. "दार लावून केलं त अजून वंगाळ. म्हनतील, सरकारी मालात भरून राह्यला."

"अवो, तुमचं आता वंगाळ व्हायचं राह्यलं काय हाये?" दुर्गाबाई म्हणाली.

शालिकराम उठून हात धुऊन आला तर दुर्गाबाई स्टुलावर उभी राहून माळ्यावरचा डबा काढत होती. चार वर्षांची धूळ तिनं पदरानं पुसली आणि डबा त्याच्या हातात दिला. "काई झालं तरी पोट्ट्याचं पाच वर्साचं काम हाये. जा लवकर, राजेगावची मोटर निघून जाईन."

मोटर स्टँडवर घनश्याम सापडला. शालिकराम धापा टाकत त्याला म्हणाला, "होते."

"काय म्हणलं काकाजी?"

"पातळ होते म्हनलं! चाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुजरीत बातमी अशी पसरली, की लाखराम आता रॉकेटमध्ये लाख भरतोय.

तो आत बसला नाही. ओट्यावर बसला, रस्त्याला तोंड करून. फळीवर लाखेचा थर देऊन त्यावर पत्रा बसवला. घनश्यामनं पट्टी आणि पेन्सिल घेऊन पत्र्यावर त्रिकोण आखले, एकाला एक लागून. आखलेल्या रेघा जाड ठेवायच्या, त्रिकोणांच्या आतली जागा खरवडून पातळ करायची. म्हणजे वजन जाईल आणि ताकद राहील, असं त्यानं समजावून सांगितलं. शालिकरामला ते एकदाच सांगावं लागलं. त्यानं छिन्नी लावली आणि पत्र्याचा पहिला पातळ कपटा वळून वर आला. पत्रा थरथरला नाही. घनश्याम खाली वाकून बघत होता, तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"आमच्या मिस्त्रीले हे दाखवलं पाहिजे," शेवटी तो म्हणाला.

"तुमच्या मिस्त्रीले चांगला मिस्त्री म्हनतात," शालिकराम म्हणाला. "माह्यं तसं नाई."

एक अट मात्र घनश्यामनं घातली. काम झाल्यावर लाखेचा कणही पत्र्यावर राहता कामा नये. वर हवा नाही; तिथं लाखेचा वास सुटून यंत्राच्या काचेवर धुकं धरेल. "म्हणजे तिथं लाख लपत नाही," शालिकराम म्हणाला, आणि आपणच हे काय बोललो म्हणून खाली मान घालून कामाला लागला.

मोजायचं कसं, हा प्रश्न आला. दुकानातला काटा दागिन्यांचा. पत्रा त्याच्या पारड्यात मावेना. तांदळाच्या वखारीतल्या काट्याला ग्रॅमची खबर नव्हती. शालिकराम म्हणाला, पत्रा कायले मोजता, निघालेला कीस मोजू. सोनाराच्या मांडीखाली कातडं अंथरलेलं असतं. एक कणही रस्त्यावर जात नाही. कातड्यावर एकशेवीस ग्रॅम कीस जमला, की पेटीतून तेवढंच गेलं. आणि पत्रे लाखेवरून सुटायच्या आधीच हा कीस मोजायला पाहिजे, कारण एकदा सुटलेला पातळ पत्रा पुन्हा बसवायला गेलं तर मुडपेल.

तीन दिवस काम चाललं. सहा पत्रे, सहा फळ्या. लोक येऊन उभे राहायचे. शाळामास्तर चैतराम सुट्टी असल्यामुळं रोज यायचे आणि कण म्हणजे काय ते घनश्यामला विचारायचे, मग तेच बाकीच्यांना चुकीचं सांगायचे. भैयालाल ठेला सोडून येत नव्हता, तिकडूनच ओरडायचा.

"लाखरामजी! वहाँ ऊपर भी बहू निकलेगी तोड़ने को!"

लोक हसायचे. घनश्यामला कळायचं नाही. "हे तुम्हाले लाखराम काहून म्हणतात?"

"असंच. पत्रा धर."

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला शालिकरामनं छिन्नी खाली ठेवली. घनश्यामला संध्याकाळी सातच्या छोट्या गाडीनं गोंदिया गाठायचं होतं. तिथून पुढची गाडी रात्रीचीच होती आणि जागा राखून ठेवलेली होती. काटा ओट्यावर आणला. गर्दी झाली. भैयालालही ठेल्यावर पोराला बसवून आला. कातड्यावरचा कीस कुंच्यानं गोळा करून, पारड्यात थोडा थोडा घालून, चार खेपांत मोजला. चैतराम मास्तर मोठ्यानं आकडे बोलत होते.

"एकशेएकवीस!"

घनश्यामनं शालिकरामचा हात दोन्ही हातांत धरला. तुळसाबाई सकाळच्या मोटरनं आल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी "वा शालिकभाऊ" म्हणालं. शालिकभाऊ. चार वर्षांत पहिल्यांदा.

शालिकराम किसाकडे बघत होता.

पांढऱ्या किसात तांबूस कण होते. बारीक, मिठात तिखट सांडावं तेवढे. पत्र्याच्या काठाशी खरवडताना बाजूची लाखही थोडी थोडी कातड्यावर पडली होती. सोन्याच्या कामात ते पुढे वितळवताना आपोआप जळून जातं, म्हणून त्याच्या हाताला त्याची वेगळी सवय नव्हती. इथं ते जळलं नव्हतं. वजनात धरलं गेलं होतं.

बाकी कुणाला दिसत नव्हतं. घनश्यामला आनंदात दिसलं नाही, मास्तरांना चष्म्यातून दिसलं नसतं. आता पत्रे सोडवायचे, धुवायचे, पोराला गाडीत बसवून द्यायचं. अमदाबादच्या मोठ्या काट्यावर वजन जास्त भरलं तर भरलं. तिकडं कुणाला लाखराम माहीत होता? काट्याकाट्यात फरक असतो, एवढं म्हटलं की संपलं. इकडं गुजरी "शालिकभाऊ" म्हणत होती.

त्यानं हात सोडवून घेतला.

"याच्यात लाख हाये," तो म्हणाला.

"काय म्हणलं?" दोघंतिघं एकदम म्हणाले.

शालिकरामनं घसा खाकरला. "लाख हाये म्हनलं! या वजनात लाख हाये. हे एकशेएकवीस खरे नाई."

भैयालालच्या तोंडात पान होतं, ते चघळायचं थांबलं. "खुद बता रहे हो?" तो म्हणाला, आणि या वेळी त्यात चेष्टा नव्हती, फक्त नवल होतं.

"लाख हाये त हाये म्हनावं लागन."

दुर्गाबाईनं घरून स्टोव्हचं स्पिरिट आणलं. कीस थाळीत घेऊन त्यात भिजवला. स्पिरिट तांबडं झालं. ओतलं, पुन्हा घातलं, पुन्हा तांबडं झालं. मेच्या उन्हात कीस वाळायला वेळ लागला नाही. पुन्हा पारडं, पुन्हा मास्तर. पण मास्तरांचा आवाज आता खाली आला होता.

"एकशेआठ."

"बारा कमी," घनश्याम म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "आता कुठून काढायचे काकाजी? त्रिकोण याच्याहून पातळ केले त यान सुटताना हादऱ्यानं फाटतील."

"एक तोळा," शालिकराम म्हणाला. त्यानं फळी मांडीवर घेतली आणि पत्र्याच्या काठावरून बोट फिरवलं. काठ दोन बोटं रुंद होता, भोकांपासून भोकांपर्यंत सरळ. "स्क्रू जिथं बसते तिथं जाड पाह्यजे. दोन स्क्रूच्या मधात काहून पाह्यजे? इथून कमान काढू. पैंजणाच्या काठाले असते तशी."

घनश्यामनं भैयालालच्या ठेल्यावरून पुड्यांचा कागद मागवला आणि त्यावर आकडे मांडू लागला. खोडायचा, मांडायचा. गर्दीतलं कुणी हललं नाही. मग त्यानं मान वर केली. "हौ," तो म्हणाला. "काढा. पण अर्ध्या बोटाच्या वर नाही."

भोकांभोकांमधून शालिकरामनं कमानी काढल्या. सहा पत्रे, प्रत्येकाचे चार काठ. हात चालत होता आणि कीस या वेळी वेगळ्या थाळीत पडत होता, धुऊन घ्यायला सोपा जावा म्हणून. सहाला दहा मिनिटं असताना तो धुतलेला, वाळलेला कीस पारड्यात गेला. तेरा ग्रॅम.

पत्रे उबेवर सोडवले, स्पिरिटनं तीनतीनदा पुसले. घनश्यामनं एकेक पत्रा उन्हाकडे धरून बघितला, नाकाजवळ नेऊन वास घेतला, आणि टॉवेलात बांधला. भैयालालनं त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवून स्टेशनवर नेलं. गाडी हलता हलता बसला, असं भैयालाल परत आल्यावर सगळ्यांना सांगत होता, जणू पेटी त्यानंच केली.

ऑगस्टमध्ये घनश्यामचं पत्र आलं. पेटीला तासन्‌तास हादरवून पाहिलं, काही झालं नाही. प्रयोगशाळेच्या काट्यावर वजन एकशेवीस ग्रॅम आणि वर थोडं, इतकं कमी भरलं. यानात जागा पक्की झाली. परदेशी लोकांनी विचारलं होतं, की इतका पातळ पत्रा कोणत्या पद्धतीनं केला. त्यानं लाखेचं सगळं लिहून कळवलं, तर त्यांनी उलट विचारलं, ही लाख कोणती कंपनी बनवते? घनश्यामनं लिहिलं होतं, 'आता त्यांले पळसाचं झाड अन् त्याच्यावरचा लाखेचा किडा कसा समजावू?' पत्र चैतराम मास्तरांनी ओट्यावर उभं राहून वाचलं, दोनदा.

पण गुजरीत त्याआधीच एक वेगळीच गोष्ट सुरू झाली होती. ज्या माणसानं कुणाला दिसत नसताना किसातली तोळाभर लाख आपल्या तोंडानं सांगितली, तो एकदाणीत लाख लपवून भरेल कसा? आणि यानं लपवली नसेल, तर मग ती भरायला सांगितली कुणी? हा प्रश्न भैयालालच्या ठेल्यावर निघाला, तिथून गिरणीवर गेला, आणि गिरणीवाल्यांच्या धाकट्या सुनेनं तो एक दिवस सासूला सरळ विचारला.

त्या आठवड्यात, भर बाजाराच्या दिवशी, रुख्माबाई गुजरीत आल्या. मागं धाकटी सून. शालिकरामच्या ओट्यावर बसून त्यांनी दम घेतला, पदरानं वारा घेतला. रस्त्यातली माणसं थबकली.

"नातीसाठी एकदाणी पाह्यजे," रुख्माबाई म्हणाल्या.

शालिकरामनं वर बघितलं नाही. "भरीव करतो बाई. आता भरीवच करतो."

"भरीव कोनाले पाह्यजे?" रुख्माबाई म्हणाल्या. त्या सुनेकडे बघत नव्हत्या, शालिकरामकडेही नाही. समोर पानठेल्याकडे बघून बोलत होत्या. "पोकळ कर. लाख भर. मागच्या वेळी मी सांगितल्ती, तशीच." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मीच सांगितल्ती."

धाकटी सून सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली.

शालिकरामनं काटा पुढं ओढला. रुख्माबाईंनी पुढं केलेलं सोनं पारड्यात घातलं, मोजलं. किती मणी, किती लाख लागेल, याचा मनात हिशोब केला आणि नेहमीसारखा पुटपुटला.

"ऐकू नाई येत," रुख्माबाई म्हणाल्या. "त्या ठेल्यावाल्याले ऐकू गेलं पाह्यजे. किती सोनं, किती लाख, अलग अलग सांग."

शालिकरामनं छातीत श्वास भरून घेतला. त्याचा आवाज पहिल्यांदा चिरकला, मग सरळ झाला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

"सोनं अडीच तोळे! लाख पाऊन तोळा!"